उजेडाने वाकणारी पट्टी



"तुझ्या क्षेत्रातलं बोल, पण कळेल असं," अशी संयोजकांची अट आहे. म्हणून सॉफ्टवेअर बाजूला ठेवते. ऐकताय तोवर ही प्लॅस्टिकची पट्टी हातोहात पुढे सरकवा.

शाळेत आपण प्रकाश आरशावरून परतवला, लोलकातून वाकवला. तो वस्तूला ढकलतो, हे काही पुस्तकात नव्हतं. मॅक्सवेलने १८७३ मध्ये ते गणिताने मांडलं, मॉस्कोच्या लेबेदेव यांनी १९०१ मध्ये मोजून दाखवलं. बळ किती? एक मिलिवॅटचा लेझर काळ्या कागदावर पडला, तर न्यूटनच्या लाख कोटी भागांतले जेमतेम तीन!

एवढ्याशा बळाने हलायला वस्तूही तशीच किडकिडीत हवी. २००८ मध्ये येल विद्यापीठातल्या हाँग टँग यांच्या गटाने सिलिकॉनची अशी दांडी चिपवर कोरली. लांबी १० मायक्रॉन, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. खालून पोकळ, दोन टोकांना धरलेली. अवरक्त प्रकाशाला सिलिकॉन काचेसारखं पारदर्शक असतं, म्हणून तो दांडीतूनच धावतो. दांडी इतकी बारीक की थोडा प्रकाश तिच्या बाहेर सांडतो, आणि त्या सांडलेल्या प्रकाशामुळे दांडी खालच्या थराकडे ओढली जाते. गंमत म्हणजे प्रकाश जातो पुढे आणि दांडी हलते आडवी.

मला खरी भुरळ पडली ती त्याच गटाच्या २०११ च्या कामाची. पट्टी आली का हातात? दोन्ही टोकांनी दाबा. ती वर फुगते किंवा खाली, मध्ये थांबत नाही. तशीच दाबात बसलेली दांडी त्यांनी बनवली. वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. प्रकाशाने तिला जोरात झुलवायचं, मग प्रकाशानेच शांत करायचं. ती एका बाजूला बसते. वीज गेली तरी बसलेलीच राहते.

याचा उपयोग? डेटा सेंटरमध्ये माहिती प्रकाशातून धावतेच आहे. पण चिपवर प्रकाशाची वाट वळवायला पुष्कळदा बारीक हीटर लावतात, आणि वाट टिकवायची तोवर ते तापत ठेवावे लागतात. दांडीला एकदा वळवलं की झालं. संगणकाच्या मेमरीची जागा ती घेईल असं मला वाटत नाही. ट्रान्झिस्टरपुढे ती फारच मंद आहे. पण क्वचित बदलणाऱ्या वाटेला वेग कशाला हवा?

बाकी प्रश्न चहाच्या वेळी. पट्टी मुलीच्या कंपासपेटीतली आहे, तेवढी परत द्या.