पत, थकबाकी आणि वाहनकर्ज
(ज्ञातिमंडळाच्या निफाड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



वार्षिक मेळाव्यात बोलावयाचे म्हणजे शिक्षण, विवाह किंवा संघटना यांपैकी एखादा विषय घ्यावा, अशी आपली परंपरा आहे. आज आम्ही कर्जाविषयी बोलणार आहोत. आणि त्यातही अशा कर्जाविषयी, की ज्याची वाच्यता आपण चारचौघांत करीत नाही. ज्याच्या नावावर पूर्वीची थकबाकी नोंदलेली आहे, अशा कुटुंबास मोटारीसाठी किंवा मालवाहू गाडीसाठी कर्ज मिळू शकते काय, आणि मिळावयाचे असल्यास त्याने काय करावे, हा आमचा आजचा विषय होय.

गाडी ही चैनीची वस्तू आहे, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या तालुक्यात राहणाऱ्यास तसे म्हणता येणार नाही. कांदा लासलगावास आणि टोमॅटो पिंपळगाव बसवंतास वेळेवर न्यावयाचा तर गाडी लागते. रात्री-अपरात्री आजाऱ्याला नाशिकला हलवावयाचे तर गाडी लागते. आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुणांचा चरितार्थच आज भाड्याच्या वाहनावर चालतो. अशा कुटुंबास बँकेने नकार दिला की त्याची गरज संपत नाही. ते फक्त दुसऱ्या दारी जाते. ते दुसरे दार बहुधा चोरट्या सावकाराचे असते, आणि आमच्या चिंतेचे खरे कारण हेच आहे.

थकबाकी होते कशी, हेही एकदा उघडपणे बोलले पाहिजे. काही जण निष्काळजीपणाने हप्ते चुकवितात, हे खरे. काही जण कर्जमाफीची वाट पाहत थांबतात. २००८, २०१७ आणि २०१९ साली शेतीकर्जांना माफी मिळाली. परंतु मोटारीच्या कर्जास तशी माफी मिळालेली नाही, हे ध्यानात ठेवावे. मात्र पुष्कळांची थकबाकी त्यांच्या हातची नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उघडली. त्या अवधीत ज्याचा कांदा विकावयाचा होता, त्याने हप्ता कोठून भरावा? द्राक्षे काढणीस आली असता अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली, म्हणजे वर्षभराचा खर्च मातीत जातो. हप्त्याची तारीख मात्र आभाळाकडे पाहून पुढे सरकत नाही.

येथे आम्हांस या भूमीच्या एका सुपुत्राचे स्मरण होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी याच निफाडात झाला. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला आणि कर्जरोखे जाळले. तो वणवा पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारण कायदा जन्मास आला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. पुढे या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून रानड्यांनी काम केले. या कायद्यातील एक तत्त्व फार मोलाचे होते. न्यायालयाने केवळ रोख्यावरचा आकडा पाहू नये. त्या कर्जाचा इतिहास मुळापासून तपासावा, मुद्दल किती, व्याज किती, कर्ज कोणत्या कारणाने वाढले हे पाहावे आणि मग निर्णय द्यावा.

आजची व्यवस्था या बाबतीत नेमकी उलट आहे. पतमाहिती गोळा करणारी ‘सिबिल’ ही संस्था २००० साली स्थापन झाली, २००५ साली यासंबंधी कायदा झाला, आणि आज देशात अशा चार संस्था काम करीत आहेत. बँका आणि वित्तसंस्था आपल्या प्रत्येक ऋणकोची माहिती त्यांना पाठवितात. १ जानेवारी २०२५ पासून तर ती निदान दर पंधरवड्यास पाठविण्याचा नियम लागू झाला. तीवरून ३०० ते ९०० या दरम्यानचा एक गुणांक निघतो. साधारणतः ७५० च्या पुढे गुणांक असल्यास कर्ज देणारे समाधान मानतात. परंतु हा त्यांचा परिपाठ आहे, कायद्याने असा आकडा ठरविलेला नाही. तारीख उलटून किती दिवस झाले, एवढेच ही वही लिहिते. नव्वद दिवस उलटले म्हणजे खाते अनुत्पादक ठरते. गारपीट झाली की घरात आजारपण आले, हे तीत लिहिलेले नसते. म्हणूनच आमचे सांगणे एवढेच आहे की, वही ज्या इतिहासाबद्दल मुकी आहे, तो इतिहास आपण स्वतः कागदोपत्री घेऊन गेले पाहिजे. थकबाकीची नोंद हा काही कुळाला लागलेला डाग नव्हे. तो हिशेब आहे, आणि हिशेब दुरुस्त करता येतो.

तो कसा करावा, हे आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे आपला अहवाल स्वतः वाचणे. या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर आले आहे काय, फेडलेले वा माफ झालेले कर्ज अजून येणे म्हणून दिसते काय, हे पाहावे. चूक आढळल्यास त्या संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तिचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ साली अमलात आला. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पैसे घेऊन ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या दलालांच्या नादी मात्र कोणी लागू नये. खरी नोंद कोणासही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करण्यास दलाल लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जुने खाते रीतसर मिटविणे. येथे एक बारकावा आहे, आणि तो न कळल्यामुळे पुष्कळांची फसगत होते. संपूर्ण रक्कम भरली म्हणजे खाते ‘बंद’ असे नोंदले जाते. काही रक्कम सोडून तडजोड केली, म्हणजे ज्याला एकरकमी परतफेड म्हणतात तो मार्ग धरला, तर ‘तडजोडीने मिटले’ अशी नोंद होते. आणि पुढचा कर्ज देणारा तिच्याकडे शंकेने पाहतो. ज्याची ऐपतच नाही त्याने तडजोड अवश्य करावी; ती थकबाकीपेक्षा केव्हाही बरी. परंतु थोडी ओढाताण करून पूर्ण भरणे शक्य असेल, तर सूट घेण्याचा मोह टाळावा. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला मागून घ्यावा, आणि जुन्या गाडीच्या आर.सी. पुस्तकावरील नजरगहाणाचा बोजा परिवहन कार्यालयातून उतरवून घ्यावा. घरात बेबाकी दाखला नाही, म्हणजे ते कर्ज फिटले असे समजू नये.

तिसरी गोष्ट धीराची आहे. जुनी नोंद किमान सात वर्षे जपून ठेवली जाते. परंतु तिच्यावर नव्या, वेळेवरच्या परतफेडीच्या नोंदी चढत गेल्या म्हणजे तिचे वजन कमी होत जाते. आपल्याच मुदत ठेवीवर लहानसे कर्ज काढावे, अथवा सोनेतारणावर थोडी रक्कम घ्यावी, आणि तिचा हप्ता एक दिवसही चुकवू नये. वर्ष-दीड वर्ष असे वागल्यावरच गाडीच्या कर्जाचा विचार करावा.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष अर्जाची. एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज करू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि घायकुतीला आलेला मनुष्य म्हणून आपली गणना होते. गाडी ऐपतीपेक्षा एक पायरी खालची निवडावी आणि पदरची रक्कम अधिक भरावी, म्हणजे देणाऱ्याचा धोका कमी होतो. अर्जासोबत त्या वाईट वर्षाचा इतिहास जोडावा. पीकनुकसानीचा पंचनामा, दवाखान्याची बिले, बाजार समितीतील विक्रीच्या हिशोबपट्ट्या, बेबाकी दाखला आणि थकबाकी का झाली याचे एक पानी सरळ निवेदन, एवढे कागद पुरेत. निर्णय घेणारा अधिकारी हा अखेर मनुष्य असतो. रानड्यांच्या काळी न्यायालय जे स्वतः शोधीत असे, ते आपण त्याच्यापुढे ठेवावयाचे आहे.

एवढे करूनही व्याज थोडे अधिक पडेल, हे गृहीत धरावे. ६ लाख रुपयांचे पाच वर्षांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो, आणि १५ टक्क्यांनी सुमारे १४,२७५. पाच वर्षांत हा फरक एक लाखावर जातो. जुन्या थकबाकीची ही किंमत होय. परंतु चोरटा सावकार दरमहा शेकडा तीन घेतो, म्हणजे वर्षास ३६ टक्के झाले. वस्तुतः महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारासही बिगरशेती कर्जावर तारण असता १५ आणि तारण नसता १८ टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. तीन टक्के मासिक मागणारा बेकायदा व्यवहार करीत आहे, हे जाणून त्याच्या दारातून परत फिरावे.

हप्ता पुन्हा थकलाच, तर तोंड लपवू नये. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, अशी ताकीद रिझर्व्ह बँकेने २०२२ साली दिली आहे. गुंडांकरवी वाहन ओढून नेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली प्रकाश कौर खटल्यात बजावले आहे. हक्क आहेत, परंतु ते बँकेत जाऊन बोलणाऱ्याच्या उपयोगी पडतात, गाडी पाहुण्यांच्या खळ्यात दडविणाऱ्याच्या नव्हे.

आता ज्ञाती म्हणून दोन शब्द. आपल्याकडे भिडेखातर जामीन राहण्याची रीत आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते; सोयऱ्याचा हप्ता थकला तर आपलीही पत बुडते. यास्तव जामीन राहताना भीड बाजूस ठेवावी, आणि ज्याने नकार दिला त्याच्याशी अबोला धरू नये.

दुसरी गोष्ट विवाहाची. २०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे वराचा सिबिल गुणांक कमी निघाल्याने जुळत आलेले लग्न मोडल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. कन्येच्या पित्याने वराचे देणे विचारावे, यात गैर काही नाही. परंतु केवळ आकडा पाहून मनुष्य पारखणे म्हणजे रोखा पाहून निकाल देण्यासारखेच आहे. देणे का झाले आणि तो ते फेडीत आहे काय, हे दोन प्रश्न विचारून मग निर्णय घ्यावा. जेथे थकबाकीचे नाव काढताच स्थळ मोडते, तेथे कुटुंबे ती लपवितात, आणि लपविलेले कर्ज दुप्पट होते.

मंडळास आमची नम्र सूचना आहे की, महिन्यातून एक दिवस कचेरीत बँकेच्या कामाची माहिती असलेले दोन ज्ञातिबंधू बसावेत. त्यांनी अहवाल वाचून दाखवावा, तक्रारअर्ज लिहून द्यावा, बेबाकी दाखल्यासाठी सोबत जावे, आणि तेथे ऐकलेले तेथेच ठेवावे. यास निधी लागत नाही. थोडा वेळ आणि जिभेवर ताबा एवढेच लागते. पुढील मेळाव्यास एखादे कुटुंब आपल्या, कायदेशीर मार्गाने घेतलेल्या गाडीतून आले, तर आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.