चिंध्यांची चंची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उभे राहून भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. निवडणे-टिपणे करताना बोलायला सांगाल तर दिवस पुरणार नाही, पण चारचौघींसमोर उभे राहायचे म्हटले की पाय कापू लागतात. आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या कापडी पाकिटाची हकीकत सांग म्हणजे झाले." म्हणून मी ते पाकीटच हातात घेऊन उभी राहिले आहे. बोलताना अडले तर ते तरी तुम्हाला दाखवता येईल.

हे पाकीट मी माझ्या सासूबाईंसाठी शिवले. माझे धाकटे दीर मस्कतला नोकरीला आहेत. २०२३ च्या दिवाळीनंतर जाऊबाईंचे बाळंतपण यायचे होते. त्यांच्या आई हयात नाहीत. तेव्हा सासूबाईंनी जायचे ठरले. वय एकाहत्तर. मराठी वाचतात, इंग्रजीचे अक्षर येत नाही. त्याआधी त्यांचा लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूरची वारी आणि एकदा काशी, तोही यात्रेकरूंच्या घोळक्यातला. आता एकटीने विमानाने जायचे. आणि विमानतळावर ज्याच्याजवळ तिकीट त्यालाच आत सोडतात. आम्ही घरची माणसे दारापर्यंत जाणार, पुढचे सारे त्यांचे त्यांनीच करायचे.

सासूबाईंना विमानाची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती कागदांची. "अगं, कोण कुठला कागद मागेल आणि मी कुठला काढून देईन!" असे त्या दिवसातून दहा वेळा म्हणत. आमचे हे म्हणाले, बाजारातून चामड्याचे चांगले पाकीट आणू. आणलेही. काळेभोर, चकचकीत, आत पाच कप्पे, पाचही काळे. सासूबाईंनी त्यात कागद ठेवले आणि दुसऱ्या घटकेला त्यांनाच ते सापडेनात. चुकीच्याच कप्प्यात हात जाई आणि मग त्यांचा जीव घाबरा होई.

त्या वेळी माझे लक्ष खुंटीकडे गेले. आमच्या मामंजींची चंची अजून तिथे टांगलेली आहे. थोरल्या मंडळींना चंची सांगायला नको. कापडाची लांबट पिशवी, तिच्यात पानाचा, सुपारीचा, चुन्याच्या डबीचा असे निरनिराळे कप्पे, गुंडाळून नाडीने बांधायची. मामंजी अंधारात, बोलता बोलता, न बघता बरोबर सुपारी काढीत. हाताला जागा ठाऊक होती. मी मनाशी म्हटले, सुपारी सापडते तर पासपोर्ट का सापडू नये?

शिवणाच्या पेटीखाली तुकड्यांचे गाठोडे होतेच. त्यातून मी नुसती चांगली कापडे काढली नाहीत, सासूबाईंच्या ओळखीची काढली. त्यांच्या चोळीचा उरलेला हिरवा खण, मामंजींच्या रेघारेघांच्या सदऱ्याचे कापड आणि माझ्या मुलीच्या लहानपणच्या पिवळ्या साटीनच्या परकराचा घेर. खणाचा काठ बोटाला खरखरीत लागतो, सदरा धुऊन धुऊन मऊ झालेला, आणि साटीन गुळगुळीत. डोळे मिटले तरी तिन्ही वेगळे कळतात.

आता मापे सांगते. लिहून घ्यायची असतील त्यांनी घ्यावीत. आपला पासपोर्ट सुमारे पाच इंच उंच आणि साडेतीन इंच रुंद असतो. तिकिटाचा छापील कागद तीन घड्या घालून सव्वाआठ इंच लांब आणि चार इंच रुंद होतो. यावरून बेत करायचा. बाहेरचे कापड आणि अस्तर, दोन्ही अकरा इंच रुंद व साडेदहा इंच उंच कापावे. बाहेरच्या कापडाला उलट बाजूने जुन्या चादरीचा एक थर लावावा, म्हणजे पाकिटाला अंग येते. कप्प्यांचे तुकडे सहा इंच रुंद. दोन लांब कप्पे आठ इंच उंच आणि पासपोर्टाचा साडेपाच इंच उंच. सगळीकडे अर्धा इंच शिवणीत जातो, हे ध्यानात ठेवावे.

कप्प्यांचे वरचे काठ आधी दुमडून शिवावेत. मग अस्तराच्या डाव्या अर्ध्या भागावर एक लांब कप्पा, उजव्या अर्ध्या भागावर दुसरा, आणि त्याच्यावर पासपोर्टाचा आखूड कप्पा ठेवावा. मधल्या बाजूचे काठ आत दुमडून टीप मारावी. आखूड कप्प्याच्या कडेला एक इंच सोडून उभी टीप मारली की पेनाची जागा होते. मग बाहेरचे कापड सुलटीवर सुलट ठेवून चारी बाजूंनी शिवावे. वरती पुढच्या अर्ध्या भागात तीन बोटे जागा सोडावी, तिथून पाकीट उलटवावे, इस्त्री करावी आणि ती जागा हातशिलाईने बंद करावी. गळ्यात अडकवायची बेचाळीस इंचांची नाडी शिवतानाच आत धरावी, पण तिची दोन्ही टोके मागच्या अर्ध्या भागावरच घ्यावीत, नाहीतर पाकीट गळ्यात उघडे लोंबते. मिटायला साधे बटण आणि कापडी बंद पुरे. चुंबकाचे बटण लावू नये. बँकेच्या कार्डावरची काळी पट्टी त्याने बिघडू शकते.

हे सारे आज मी घडाघडा सांगते आहे, पण माझे पहिले पाकीट फुकट गेले. पासपोर्टाचे माप घेतले आणि तेवढाच कप्पा कापला. शिवणीचा अर्धा इंच विसरले! वीस वर्षे शिवते आहे, आणि ही चूक नव्याने शिकणारीची. दुसरे पाकीट बेतशीर झाले, पण त्यात लाल खण वापरला होता. नशिबाने मला बुद्धी झाली आणि मी आत पासपोर्टाऐवजी तेवढ्याच मापाची कापलेली वही घालून बाजारात गेले. वाटेत पावसाने गाठले. घरी येऊन पाहते तो वहीची पाने गुलाबी! तिथे खरा पासपोर्ट असता तर? डागाळलेला पासपोर्ट चालत नाही म्हणाले तर दारातून परत यायची पाळी. तो खण मिठाच्या पाण्यात दोनदा भिजवला तरी रंग सुटतच राहिला, तेव्हा मी त्याचा नाद सोडला. म्हणून सांगते, प्रत्येक तुकडा आधी धुवावा. मग ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून गरम इस्त्री दाबावी. रुमालाला रंग लागला तर ते कापड आपल्या कामाचे नाही.

तिसरे पाकीट झाले ते हे. सासूबाईंना दाखवले तर म्हणाल्या, "चिंध्यांची चंची गळ्यात घालून मी विमानात बसू? लोक हसतील." मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू! पण मी म्हटले, "आत्याबाई, आठ दिवस घरात वापरून बघा. नाही पटली तर चामड्याचे आहेच."

मग आठ दिवस आमच्या सोप्यात विमानतळ भरला. माझा मुलगा टेबल मांडून साहेब होऊन बसे. "पासपोर्ट!" म्हटले की सासूबाईंनी खणात हात घालायचा. "तिकीट!" म्हटले की सदऱ्यात. "व्हिसा!" म्हटले की परकरात. पहिल्या दिवशी चुकल्या, चौथ्या दिवशी चुकेनाशा झाल्या, आणि सातव्या दिवशी साहेबालाच दटावू लागल्या, "कागद परत दे आधी, मग पुढचा माग." हा नियम मी इथेही सांगून ठेवते. एक कागद हातात परत येऊन त्याच्या कप्प्यात गेल्यावाचून पुढे सरकायचे नाही.

जायच्या रात्री साताऱ्याहून मुंबईला गेलो. दारात त्यांच्या पाया पडले. त्या आत गेल्या आणि काचेतून दिसेनाशा झाल्या. पुढचे तीन तास आम्ही बाहेर कसे काढले ते आमचे आम्हालाच ठाऊक. मग फोन आला. म्हणाल्या, "सगळे झाले. विमानाच्या दारापाशी बसले आहे." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "तपासणीला चंची गळ्यातून काढून ट्रेमध्ये ठेवायला लावली गं. पलीकडे सगळ्यांच्या काळ्या पिशव्या एकसारख्या. माझी मात्र लांबूनच दिसली. ह्यांचा सदरा ओळखला मी." त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

भगिनींनो, इथे माझी गोष्ट संपायला हवी. पण खरे सांगायचे आहे ते पुढेच आहे.

हे पाकीट शिवण्याआधी चार महिने आम्ही पासपोर्टासाठी खेपा घालत होतो. कारण काय, तर नाव. शाळेच्या दाखल्यावर सासूबाईंचे माहेरचे नाव. लग्नात आपल्या चालीप्रमाणे आडनावाबरोबर पहिले नावही बदललेले. आधारावर एक स्पेलिंग, बँकेच्या पुस्तकावर दुसरे. सासूबाई एके दिवशी म्हणाल्या, "पन्नास वर्षे संसार केला, आणि मी कोण हे मलाच सिद्ध करता येईना." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मग मी स्वतःकडे पाहिले. घरातल्या प्रत्येकाचा दाखला कुठे आहे ते मला तोंडपाठ. माझा कुठे आहे? ठाऊक नाही! दोन दिवस शोधल्यावर आमच्या ह्यांच्या ट्रंकेत जमिनीच्या कागदांखाली माझा सातवीचा दाखला सापडला, घडीवर फाटायला आलेला. त्याच्यावरचे नाव आणि आधारावरचे नाव जुळत नाही. ते एक करून घ्यायला मी आता सुरुवात केली आहे. आणि उरलेल्या तुकड्यांतून स्वतःसाठी एक चंची शिवली आहे. तिच्यात माझा दाखला, आधार, बँकेचे पुस्तक आणि रक्तगटाची व फोन नंबरांची चिठ्ठी आहे. कोणी विचारते, तुला कुठे जायचे आहे? सध्या कुठेच नाही. पण माझे कागद माझ्या हाताला सापडतात, अंधारातसुद्धा.

येत्या शिवणवर्गाला प्रत्येकीने चार तुकडे आणावेत, धुतलेले. आणि येण्याआधी घरात आपले स्वतःचे कागद शोधून, त्यांवरची नावे एकमेकांशी ताडून पाहावीत. पाकीट दोन दुपारींत होते. कागदांना वेळ लागतो, म्हणून ते काम आधी सुरू करावे.

सासूबाई नातवाला पाहून तीन महिन्यांनी सुखरूप परत आल्या. चंची त्यांनी मामंजींच्या चंचीशेजारी त्याच खुंटीला टांगली आहे. आजच्या दिवसापुरती मी मागून आणली आहे. तेव्हा पाहून झाली की कृपा करून माझ्याकडे परत द्यावी.