शेवळं की सापकांदा?

मागच्या जूनमध्ये आमच्या गटाच्या बायका शेवळांच्या जुड्या घेऊन पहाटेच्या एस.टी.नं स्वारगेटला उतरल्या. शेवळांना खरी मागणी ठाणे-रायगडकडे, पण पुण्यातली कोकणची माणसंही पहिल्या पावसानंतर ती शोधत असतात. तासाभरात जुड्या संपल्या. पुढच्या खेपेला एक ताई आल्या नि म्हणाल्या, "तुमच्या भाजीनं घरात सगळ्यांचे घसे धरले." आम्ही तिथंच टोपली उपसली, तर दोन जुड्यांत सापकांद्याचे कोंब! चूक आमचीच. नव्या मुलींनी खुडलेलं आम्ही न बघता बांधलं होतं.

सुरण, अळू, शेवळं, सापकांदा ही एकाच कुळातली भावंडं. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच जिभेला नि घशाला टोचतात. आपण म्हणतो ती खाज हीच.

शेवळाचा आधी फुलाचा कोंब येतो, पान मागाहून. कोंब तांबूस-जांभळा, टोकदार. उमलला की कुजक्या मांसासारखा वास सुटतो, म्हणून मिटलेलाच खुडायचा. सापकांद्याचं फूल नागाच्या फण्यासारखं पुढं वाकतं; पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर दिसतं ना, तेच. पान फुटलं असेल तर काम सोपं. सापकांद्याच्या पानाचे भाग देठाच्या एकाच टोकावरून छत्रीच्या काड्यांसारखे पसरतात. शेवळाचं पान आधी तीन फाट्यांत फुटतं. घोळ होतो तो कोवळ्या कोंबात. देठावरच्या ठिपक्यांवर तर जाऊच नका, सापकांद्याच्या काही जातींनाही ठिपके असतात.

म्हणून आता आम्ही जाणत्या आजींनी दाखवलेल्या जागेवरूनच खुडतो. प्रत्येक जुडी बांधण्याआधी त्यांच्या नजरेखालून जाते. शंका आली की कोंब फेकायचा, दहा रुपये गेले तरी चालतील.

गिऱ्हाईकालाही सांगतो: वरची पाती सोला, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाका, काकडाची फळं किंवा चिंच घालून नीट शिजवा. आम्ही जुडीसोबत मूठभर काकडं देतो. पण आंबट घातलं म्हणून सापकांदा चालेल, असं मुळीच समजू नका.

आणि तोंड चुरचुरलंच तर भरपूर चुळा भरा. जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. उरलेली भाजी डब्यात सोबत न्या, डॉक्टरांना दाखवायला.