सही करण्याआधी



संयोजकांनी मला विषय दिला होता 'आयटीतली वीस वर्षं'. त्यावर बोलले तर जेवणाआधीच तुम्ही झोपाल, म्हणून विषय बदललाय.

माझा धाकटा भाऊ काहींना आठवत असेल. गॅदरिंगला तबल्यावर असायचा. त्याला विचारूनच हे सांगतेय. तीन वर्षांपूर्वी त्याची झोप गेली, मग जेवण सुटलं. कुणीतरी पाळत ठेवतंय म्हणून तो आम्हालाही घराबाहेर पडू देईना. शेवटी एका खासगी मनोरुग्णालयात त्याला दाखल केलं. तो 'नको' म्हणत होता. फॉर्मवर सही माझी. ऑफिसात कोडची एक ओळ दुसऱ्याने तपासल्याशिवाय मी पुढे सोडत नाही, आणि तो कागद मात्र न वाचता सही करून आले.

दहा दिवस त्याला फोन करू दिला नाही. 'इथला नियम आहे', एवढंच उत्तर. तेव्हा रात्री बसून मी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ वाचून काढला. माणसाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९. दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णालयाने ७ दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. पेशंट स्वतःही मंडळाकडे दाद मागू शकतो, त्यासाठी वकील फुकट मिळतो. वाजवी वेळी फोन, भेटीगाठी, स्वतःचे कपडे हे सगळं त्याच्या हक्काचं. जबरदस्तीने डोकं भादरायचं नाही, भूल दिल्याशिवाय शॉक द्यायचा नाही, साखळी तर नाहीच. साखळीचं कलम वाचताना मी थांबले. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ जण पळूच शकले नाहीत. तेव्हा मी पेपरात ते वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रिंटआउट घेऊन गेले. भांडले नाही, फक्त मंडळाला कळवलेल्या पत्राची प्रत मागितली. संध्याकाळी भावाचा फोन आला. उपचार चांगले होते, हेही सांगायला हवं. तेविसाव्या दिवशी तो घरी आला.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती. आपण शुद्धीत, बरे असतानाच साध्या कागदावर लिहून ठेवू शकतो, की अशी वेळ आली तर आपल्या वतीने कुणी बोलायचं. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. तो नातेवाईकच हवा असं नाही.

भावाने गेल्या वर्षी तसं लिहून दिलं. नाव माझं नाही. मला लागलं, खोटं कशाला बोलू. नाव आहे आपल्याच वर्गातल्या एकाचं, तिसऱ्या रांगेत बसलाय तो. संमतीची सही करण्याआधी त्याने कागद दोनदा वाचला, आणि मग मला फोन केला, "तुला चालेल ना?"