चार सूत, बारा आटे

(अमरावती येथे हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. श्रोत्यांच्या प्रतिसादाच्या नोंदी कंसात.)



पत्रिकेवर ‘जुन्या यंत्रांची दुरुस्ती’ असं छापलं आहे. मी बोलणार आहे आट्यांवर. बोल्टच्या अंगावर जे वळसे असतात, त्या आट्यांवर. (मागून आवाज : डोक्याचे की बोल्टचे? हशा.) बोल्टचे. उभा जन्म मी त्यांच्यात घालवला आणि माझं सांगणं एकच आहे : ‘जवळजवळ बसतो’ हे वाक्य आपल्या प्रत्येक वर्कशॉपमधून हद्दपार झालं पाहिजे.

वऱ्हाडचा कापूस, अमेरिकेतली यादवी, 1867 मध्ये नागपूरला पोचलेली रेल्वे, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्यात वेळ घालवत नाही. कापसामागे जिनं आली, प्रेस आले, विलायतेहून आले, आणि त्यांच्याबरोबर विलायतेचे आटे आले, एवढंच धरून चला.

हे आटे जोसेफ व्हिटवर्थचे. 1841 साली त्याने इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांतून एक पद्धत बांधली. दातांचा कोन 55 अंशांचा, माथा गोल. अर्ध्या इंचाच्या बोल्टला, म्हणजे आपल्या भाषेत चार सुताच्या बोल्टला, इंचाला बारा आटे. पुढे 1864 मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने आपली पद्धत मांडली : कोन 60 अंश, माथा सपाट आणि चार सुताला तेरा आटे. बारा आणि तेरा. माझं अर्धं आयुष्य या एका आट्याच्या फरकात गेलं.

मूर्तिजापूरकडच्या एका जिनात मी नवा लागलो तेव्हाची गोष्ट. दिवाळी उलटून गेली होती, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि एका जिनाचा बेअरिंगचा बोल्ट तुटला. उस्ताद जेवायला गेले होते. मी भंगारातून चार सुताचा बोल्ट शोधला. तो जीपचा होता, म्हणजे अमेरिकन आट्यांचा. मला काय माहीत! चार सूत म्हणजे चार सूत. दोन वळसे हाताने गेला, तिसरा पान्याने गेला, चौथ्याला मी पान्यात पाइप घातला. अर्ध्या इंचात बारा आणि तेराचा हिशेब अर्ध्या आट्याने चुकतो, म्हणजे एकाचा दात दुसऱ्याच्या बरोबर माथ्यावर येतो. बोल्ट पोलादी, जिनाची बॉडी बिडाची. कोण हरणार? करकर आवाज झाला, मग बोल्ट एकदम हलका फिरायला लागला. तो हलकेपणा हाताला कळतो. आटे गेले.

उस्ताद आले. ओरडले नाहीत. म्हणाले, “काहून बे पोट्ट्या, मोजलं होतं काय?” मी म्हटलं, जवळजवळ बसत होता. ते म्हणाले, “जवळजवळ बसते म्हंजे बसत नाई.”

मग त्यांनी जे केलं ते सांगतोच, घड्याळ काही म्हणो. शेजारच्या जिनाचं तेच भोक घेतलं, जिथले आटे शाबूत होते. सागाची खुंटी चाकूने तासली, किंचित निमुळती, तिला ग्रीस लावलं आणि भोकात दाबत दाबत फिरवली. उलटी फिरवून बाहेर काढली तेव्हा लाकडावर आट्यांचे ठसे उठले होते. पट्टी लावून नखाने मोजले. बारा. मग माझं बिघडलेलं भोक मोठं केलं, त्याला मोठे आटे पाडले, लेथवर एक बुश वळवला, बाहेरून त्या मोठ्या आट्यांचा, आतून चार सूत बारा आटे, आणि तो घट्ट बसवून कडेला पिन मारली. रात्री जिन सुरू झालं. मी ते सोडेपर्यंत तो बुश हलला नव्हता. (टाळ्या.) टाळ्या उस्तादांना.

बंदुकीचं विचारणारी चिठ्ठी आली आहे. हो, आपल्याकडे जुन्या घरांत आजोबांची दुनळी असते. एक गृहस्थ तिचा हरवलेला स्क्रू करून मागायला माझ्याकडे आले होते. जुने इंग्रज बंदूक-कारागीर स्वतःच्या स्क्रू-प्लेटवर हाताने आटे पाडायचे. एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत, तक्त्यात सापडत नाहीत. माथ्यावरची खाच इतकी बारीक की बाजारी स्क्रूड्रायव्हर तिच्या कडा मोडतो. तिथे जवळचा मेट्रिक स्क्रू कोंबला की वस्तू कायमची बाटली. मी हात लावला नाही. बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला 1959 च्या शस्त्र कायद्याने परवाना लागतो. मी त्यांना परवानाधारकाकडे पाठवलं आणि सोबत एक चिठ्ठी दिली : उरलेल्या जोडीदार स्क्रूवरून माप घ्या. व्हिटवर्थने स्वतः षट्कोनी नळीची रायफल बनवली होती, पण बंदुकांचे जुने स्क्रू काही त्याच्या तक्त्यात शिरले नाहीत.

(एक श्रोते : आता सगळं मेट्रिक आहे, मग हे कशाला?) सांगतो, बसा. 1956 चा मापांचा कायदा मला मान्य आहे, मेट्रिक उत्तमच आहे. पण तुमच्या घरचा नळ? अर्धा इंची म्हणता, आटे मोजा : इंचाला चौदा, कोन 55 अंश. तो व्हिटवर्थच आहे. सायकलच्या ॲक्सलला इंचाला सव्वीस. शिवणयंत्राच्या कित्येक स्क्रूंना चाळीस, तेही दुकानात मिळत नाहीत. आणि तुमच्या मेट्रिकचा आठ मिलिमीटरचा बोल्ट अडीच सुताच्या भोकात दोन वळसे गोड जातो. तेच दोन वळसे घात करतात! (अध्यक्षांनी घड्याळ दाखवले.)

हो, हो. इंची लेथवर अचूक मेट्रिक आटे पाडायला 127 दातांचं चाक का लागतं, ते फळ्यावर काढून दाखवणार होतो. 25.4 ची पाचपट करून पाहा, घरी कळेल.

मूळ मागणी राहायला नको. आपली शकुंतला आगगाडी मँचेस्टरच्या 1921 सालच्या इंजिनावर चालत होती, 15 एप्रिल 1994 ला ते निवृत्त झालं. सत्तरेक वर्षं त्याला हात लावणाऱ्यांच्या बोटांत जे ज्ञान होतं, ते किती जणांनी लिहून ठेवलं? प्रत्येक तालुक्यात एक वही हवी. यंत्र कोणतं, बोल्ट कुठला, बाहेरचा व्यास किती, इंचाला आटे किती, सुलटे की उलटे. आयटीआयच्या पोरांनी हिवाळ्यात जुन्या जिनांत जावं, पिच गेज लावावं, लिहावं. एका गेजला खर्च तो काय! व्हिटवर्थने हेच केलं होतं : आधी गोळा केलं, मोजलं, मग बोलला. अकोल्यात दोन जुन्या टर्नरांनी आपल्या वह्या द्यायचं कबूल केलं आहे. अमरावतीतून एक तरी पाहिजे, आज, या सभागृहातून.

अध्यक्ष उठले आहेत, मी थांबतो. पण तिसऱ्या रांगेतले काका मघापासून हातात बोल्ट धरून आहेत. या, वर या. व्हर्नियर द्या रे. बाहेरून अडीच सूत. अठराचं पान लावतो… उजेड दिसतोय, नाही. वीस… नाही. बावीस. बसलं, बघा, केसभर फट नाही. काका, हा बीएसएफ आहे, व्हिटवर्थचा बारीक भाऊ. कोणत्या यंत्राचा? लिहून घ्या कोणीतरी.