सामान कुणाच्या हवाली?



मे महिना आपल्याकडे लग्नांचा, तसाच बदल्यांचाही. शाळांचे निकाल लागतात, बदलीचे आदेश निघतात, आणि बँकेतले अधिकारी, राज्य राखीव पोलीस दलातले जवान, बियाणे कंपन्यांतले संशोधक, एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचे इंजिनिअर बिऱ्हाड हलवायच्या तयारीला लागतात. पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला नोकरी करणारी आपली मुलं आईवडिलांना तिकडे न्यायचं म्हणून इथलं घर आवरायला येतात. जालन्याहून अंबडला किंवा परतूरला जायचं असेल तर फारसा प्रश्न येत नाही. ओळखीचा टेम्पो, गल्लीतली चार पोरं, आणि संध्याकाळी नव्या घरात स्वयंपाक. अंतर चारशे-पाचशे किलोमीटरच्या पुढे गेलं की ओळख संपते आणि मोबाईलवर ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’चा शोध सुरू होतो. त्यात फसणारी माणसं बहुधा शिकलेली आणि हिशेबी असतात. फसल्यावर ती लाजेपोटी गप्प बसतात. त्यांनी गप्प बसू नये, म्हणून मी आज इथे उभा आहे.

हे घडतं कसं, ते आधी पाहू. तुम्ही एका ठिकाणी चौकशी करता आणि दहा मिनिटांत पाच फोन येतात, कारण तुमचा नंबर एकाच वेळी अनेकांना दिला गेलेला असतो. सामान कुणीच पाहिलेलं नसतं, तरी भाडं सांगितलं जातं. सर्वांत कमी सांगणाऱ्याला आपण आगाऊ रक्कम पाठवतो. त्याच्याकडे बहुतेक वेळा ट्रक नसतोच. तो दलाल असतो. तो काम संभाजीनगरच्या कुणाला देतो, तो पुढे आणखी कुणाला. जालन्यात ट्रकना तोटा नाही, पण ते सळई आणि बियाणं घेऊन जाणारे, भंगार घेऊन येणारे उघडे ट्रक. घरसामानाला बंद गाडी लागते आणि एका घराच्या सामानाने ती भरत नाही. मग ते सामान गोदामात थांबतं, दुसऱ्या दोन घरांच्या सामानाबरोबर चढतं, वाटेत उतरतं, पुन्हा चढतं. फ्रिजचा कोपरा चेपला, पितळी भांड्यांचं खोकं हरवलं, तर ते नेमकं कुठे, याचा पत्ता लागत नाही. समृद्धी महामार्गाने नागपूर आणि मुंबई आपल्याला जवळ आली, पण गोदामातले हे मुक्काम काही कमी झाले नाहीत.

याहून वाईट प्रकार सामान चढल्यानंतरचा. गाडी निघते आणि फोन येतो. वजन जास्त भरलं, जीएसटी वेगळा, टोल वेगळा, तिसऱ्या मजल्याची हमाली वेगळी. पैसे टाका, मगच गाडी उतरेल. नव्या शहरात रिकाम्या खोलीत बायको-मुलं, म्हातारी आई. औषधांची पिशवी, मुलांचे दाखले, घरातलं सगळं त्या गाडीत. अशा वेळी कुणीही पैसे भरतो. त्याला दुबळा म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. हा उघड खंडणीचा प्रकार आहे, आणि मला त्याची चीड येते.

आपल्या भागाला दूरची वाहतूक नवी नाही. मंठा, परतूर, घनसावंगीकडचे बंजारा तांडे ज्यांचे आहेत, त्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतकं बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य देशभर नेलं. मुघलांच्या दख्खनच्या फौजांना रसद पुरवली ती त्यांनी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई नद्यांच्या मध्ये असईची लढाई झाली. ते गाव आपल्याच जिल्ह्यातलं. त्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याचं धान्यही मोठ्या प्रमाणावर बंजाऱ्यांच्या बैलांवरूनच येत होतं. बोली व्हायची ती तांड्याच्या नायकाशी. ज्याच्याशी बोली, त्याचीच माणसं आणि त्याचेच बैल. पुढे रस्ते झाले, १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली, आणि त्यांचा धंदा बुडाला. त्यातली कितीतरी घरं आज ऊसतोडीला जातात. त्या मोठ्या अन्यायाबद्दल कधीतरी वेगळं व्याख्यान व्हायला हवं. आज मला त्यातला एकच मुद्दा हवा आहे. माल कुणाच्या हवाली केला, हे देणाऱ्याला माहीत असायचं. आज ज्याला पैसे देतो त्याचं नाव वेगळं, पावतीवरचं वेगळं आणि गाडीवरचं तिसरंच. लुटणाऱ्याचं सगळं बळ या तीन नावांच्या फरकात आहे.

कायद्याने हा फरक फार पूर्वीच ओळखला. १८६५ चा जुना वाहक कायदा जाऊन रस्तेमार्गे मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याने वाहकाची व्याख्या मुद्दाम रुंद केली. तीत माल नोंदवणारी कंपनी, एजंट आणि दलालही येतात. म्हणजे ‘मी फक्त गाडी लावून दिली’ एवढं म्हणून दलालाला हात झटकता येत नाहीत. नोंदणीशिवाय हा धंदा करता येत नाही. माल हरवला किंवा फुटला, तर वाहकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर नाही. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती अशी मोजकी कारणं वाहकाला सोडवतात, आणि तीही त्याने योग्य काळजी घेतली असेल तरच. पटेल रोडवेजच्या गोदामाला आग लागून बिर्ला यामाहाचे जनरेटर जळाले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली जुन्या कायद्याखालीच सांगितलं की वाहकाची जबाबदारी विमा उतरवणाऱ्यासारखी असते. ‘आग लागली, आम्ही काय करणार’ हे उत्तर तिथेही टिकलं नाही.

आता एक गोष्ट सावकाश ऐका, कारण बहुतेकांचं नुकसान इथे होतं. २०११ च्या नियमांनुसार भरपाईची कमाल मर्यादा भाड्याच्या दहापट, पण तुम्ही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. भाडं १८,००० रुपये असेल तर मर्यादा १,८०,००० ची. पण ‘साहेब, किंमत कमी लिहा, कटकट नको’ असं सांगून त्याने कागदावर ५०,००० लिहून घेतले, तर तुमची मर्यादा तिथेच ५०,००० वर आली. तुमचं सामान तीन लाखांचं असेल तर तीन लाखच लिहा आणि जास्त जोखमीचा दर भरून तसं कागदावर घ्या. तोच माणूस ‘इन्शुरन्स’ म्हणून काही टक्के घेतो. त्याची विमा कंपनीने दिलेली, तुमच्या नावाची पॉलिसी मागा. पॉलिसी नसेल तर विमा नाही, पैसे मात्र गेले. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे त्याचे पैसे मागणाऱ्यालाही सरळ नाही म्हणा.

बिल्टी, म्हणजे वाहकाने दिलेली मालाची पावती, गाडी हलण्याआधी हातात हवी. तीवर वाहकाचं नाव, नोंदणी क्रमांक, गाडीचा नंबर, एकूण नग आणि ठरलेलं भाडं असलं पाहिजे. प्रत्येक खोक्याला क्रमांक घालून यादी करा आणि बांधण्याआधी फोटो काढा. दागिने, दाखले, जमिनीचे कागद स्वतःजवळ ठेवा. उतरवताना घाईने ‘सर्व माल ठीक मिळाला’ यावर सही करू नका. जे फुटलं ते सहीच्या वरच लिहा.

तरीही अडवणूक झालीच, तर पोलिसांकडे जा. तिथे ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकायला मिळेल. त्यावर शांतपणे सांगा की वाहकाने केलेल्या फौजदारी विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे. नुकसानभरपाईसाठी वाहकाला लेखी नोटीस द्या, माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत. ही मुदत चुकली की चांगला दावाही पडतो. त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असली तरी खटला जालन्यात चालू शकतो. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. सुरुवात १९१५ या हेल्पलाइनवर फोन करूनही होते.

माझी एक मागणी आहे आणि ती मी या व्यासपीठावरून जाहीरपणे करतो. वाहकांची नोंदणी परिवहन प्राधिकरणाकडे होते. मग नोंदणी असलेल्या वाहकांची नावं आणि क्रमांक आपल्या एमएच-२१ च्या परिवहन कार्यालयाबाहेर, मराठीत, सर्वांना वाचता येतील असे दरवर्षी एप्रिलमध्ये का लावू नयेत? हीच यादी जिल्हाधिकारी कार्यालयात, बँकांत, राखीव दलाच्या वसाहतीत जाऊ शकते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा त्यांच्याकडे ना कायदा होता ना आयोग. आज आपल्याकडे दोन्ही आहेत. मागणीचं निवेदन मी लिहून आणलं आहे. ते दाराजवळच्या टेबलावर आहे. ज्यांची या वर्षी बदली झाली आहे, त्यांनी जाण्यापूर्वी त्यावर सही करावी आणि ज्यांचं सामान गेल्या दोन वर्षांत अडवलं गेलं किंवा फुटलं, त्यांनी आपली बिल्टी घेऊन मला येऊन भेटावं. त्यांची आयोगाकडे जायची मुदत अजून गेलेली नसेल; नोटिशीची मुदत मात्र तपासून पाहावी लागेल.