तिशीनंतर पुन्हा गणित
(पनवेल येथील युवा मेळाव्यातील भाषण)



मी इंजिनिअर आहे. सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षं काढल्यावर कळलं, सूत्रं वापरता येतात, पण ती खरी का, हे सांगता येत नाही. गणित शिकायचं ठरवलं. अम्मी म्हणाली, “आता, या वयात?”

आयआयटीच्या एमएस्सीसाठी असलेल्या ‘जॅम’ परीक्षेला वयाची अट नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एम.स्टॅटला इंजिनिअरही अर्ज करू शकतो. पण हे पूर्णवेळ शिक्षण, आणि आमचं घर माझ्या पगारावर चालतं. म्हणून मी दूरशिक्षण निवडलं. इग्नूत उपयोजित संख्याशास्त्राची एमएस्सी आहे. ज्यांची पदवीच राहिली, त्यांच्यासाठी आयआयटी मद्रासची २०२० साली सुरू झालेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी आहे. पात्रतेचे नियम मात्र नीट वाचा.

अर्जाआधी एक करा. √२ अपरिमेय आहे, हे पुस्तक मिटून सिद्ध करा. दहावीचंच आहे. इंजिनिअरिंगला आपण उत्तर काढायला शिकतो, सिद्ध करायला नाही. मला दोन रविवार लागले. अडल्यावरही त्याच प्रश्नाशी बसावंसं वाटलं, तर हा रस्ता तुमचा.

पनवेल-ठाणे लोकलमध्ये आता मी वही उघडतो. घरी पोहोचलो की अम्मी विचारते, “आज सुटलं का?”